मोठ्या बाबांचा प्रश्न आणि काट्याची पावती

पत्र:

ताई, नाव छापू नका. दारव्हा तालुक्यातला आहे. अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. कंपनीत माझा बहुतेक कोड एआयच लिहितो. मी वाचतो, पण सगळा वाचतो असं नाही. गावाजवळच्या जिनिंगवाल्यांना (कापसातून सरकी काढणारा कारखाना) मी वजनकाट्याचा प्रोग्राम करून दिला, तोही एआयकडूनच. डिसेंबरात एका शेतकऱ्याच्या पावतीत १२० किलो कापूस कमी लागला. त्याने आधी धर्मकाट्यावर गाडी मोजली होती म्हणून कळलं. ट्रॅक्टर तोच होता, पण ट्रॉली बदलली होती, आणि माझ्या प्रोग्रामने मागच्या खेपेचं रिकामं वजन धरलं. मालकाने त्याचे पैसे दिले, विषय मिटला.

संक्रांतीला मोठे बाबा घरी आले. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालेत. माझं काम पाहून म्हणाले, "लिवते थे मशीन, अन् इंजिनेर म्हन्ते तुले! काहाचा इंजिनेर बे?" सगळे हसले. मला उत्तर देता आलं नाही, कारण काट्याची गोष्ट डोक्यात होती. सॉफ्टवेअरवाला खरा इंजिनिअर असतो का, की नुसता डिग्रीपुरता? आणि बहिणीची यंदा सीईटी आहे. घरचे म्हणतात कॉम्प्युटर आता संपलं, तिला सिव्हिलला टाका. काय करावं?

उत्तर:

मोठ्या बाबांचं बोलणं तुला लागलं ते बरंच झालं. त्यांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक, आणि दोन्ही अर्धी तुझ्या उपयोगाची आहेत.

चूक अर्धं आधी घेऊ. लिहिलं मशीनने, म्हणून तू इंजिनिअर नाहीस, हे काही खरं नाही. त्यांनी नोकरीत काय केलं ते आठव. मोठ्या धरणांचे आराखडे नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेतून यायचे. माती डंपर टाकायचे, काँक्रीट ठेकेदाराचा मिक्सर कालवायचा. शाखा अभियंत्याने स्वतःच्या हाताने दगड रचला नाही की घमेलं उचललं नाही. मग ते इंजिनिअर कशाने? काँक्रीट ओततानाच त्यातलं थोडं १५० मिलिमीटरच्या साच्यात भरून घ्यायचं, पाण्यात ठेवायचं, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी मशीनखाली दाबून फोडायचं, आणि एम-२० म्हणून ओतलेलं काँक्रीट चौरस मिलिमीटरला २० न्यूटनचा भार खरंच सोसतं का ते बघायचं. क्यूब, म्हणजे साच्यातला तो ठोकळा, कमी भारात फुटला तर ठेकेदार कितीही ओळखीचा असो, त्याला जाब विचारायचा. हे त्यांचं काम होतं.

झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तकाबद्दल त्यांना एकदा विचार, ते तासभर बोलतील. त्या पुस्तकाला पानांचे नंबर छापलेले असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर तो वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मग वरचा साहेब येऊन त्यातली काही मापं पुन्हा घेणार, आणि जुळली नाहीत तर सही कोणाची ते पुस्तकातच दिसणार. वस्तू कशाने मोडेल याचा आधी विचार करायचा, तो विचार मोजून पाहायचा, आणि मोडलीच तर कोणाला विचारायचं ते लेखी ठेवायचं. एवढं जिथे आहे तिथे इंजिनिअरिंग आहे असं मी धरते.

पदवी नसली तरी चालतं. भंडारा-गोंदियाकडचे माजी मालगुजारी तलाव बघ, लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात. कित्येक तलाव कोहळी समाजातल्या लोकांनी काही शतकांपूर्वी बांधले. पाळ किती उंच, सांडवा कुठे आणि किती रुंद, तुडूम (पाणी सोडायची जागा) कोणत्या पातळीला, हे ठरवायला त्यांना कोणत्या कॉलेजात जावं लागलं नाही. पण पाळ फुटली तर पहिलं पाणी त्यांच्याच धानाच्या बांध्यांत शिरणार होतं. त्या जाणिवेने ते मोजत होते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याला इंजिनिअरिंग हे नाव लागलं ते अडचणीतून. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. मोठे प्रोग्राम मुदतीत होत नव्हते, खर्चाला धरबंद नव्हता, आणि झाले तरी त्यांचा भरवसा नसे. त्या परिषदेला मुद्दाम 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' असं नाव दिलं, हा धंदा तसा व्हायला पाहिजे म्हणून. त्याच काळात अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांचे सहकारी अपोलोचा प्रोग्राम लिहीत होते. २० जुलै १९६९ ला यान चंद्रावर उतरत असताना कॉम्प्युटरवर कामाचा भार इतका वाढला की १२०२ नंबरचा इशारा पुन्हा पुन्हा येऊ लागला. कॉम्प्युटर बंद पडला नाही. त्याने कमी महत्त्वाची कामं सोडून दिली आणि यान उतरवण्याचं काम चालू ठेवलं. भार डोईजड झाला तर काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे आधी बसून ठरवलेलं होतं. याला इंजिनिअरिंग म्हणायला मोठे बाबाही नाही म्हणणार नाहीत. त्यांना ही गोष्ट सांग.

आता त्यांचं बरोबर अर्धं. त्यासाठी तुझ्या काट्यावर जावं लागेल.

भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन येतं. कापूस खाली करून रिकामी गाडी परत चढते, वजन येतं. वजाबाकी केली की कापूस. ऐकायला याहून सोपा प्रोग्राम नाही. पण हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागलेली असते, मधेच लाइन जाते, आणि घाईत कोणी रिकामी गाडी काट्यावर न चढवता तशीच बाहेर काढतो. अशा वेळी रिकाम्या वजनाची जागा कोरी राहिली तर काय करायचं? हे तू एआयला सांगितलं नव्हतंस, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. मग त्याने आपल्या मनाने ठरवलं: त्याच नंबरच्या गाडीचं मागच्या खेपेचं वजन घ्यायचं. ट्रकसाठी हा विचार अगदीच वाईट नाही, कारण ट्रकचा सांगाडा तोच असतो. आपल्याकडे ट्रॅक्टरचा नंबर एक आणि ट्रॉली आज घरची, उद्या साळ्याची, परवा भाड्याची. मागच्या खेपेला जड ट्रॉली होती, या खेपेला हलकी. जो १२० किलोंचा फरक होता तो सरळ त्या माणसाच्या कापसातून गेला. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. त्या भावाने ९,२५२ रुपये होतात. एवढ्यात त्याचा वेचणीचा बराच खर्च निघाला असता.

तो कोड मी पाहिलेला नाही, पण अशी ओळ वाचताना खटकत नाही एवढं खात्रीने सांगते. उलट वाचणाऱ्याला वाटतं, बरं झालं, कोऱ्या जागेचीही सोय केलेली दिसते. ती ओळ चूक आहे हे कळायला कोडपेक्षा ट्रॉली माहीत असायला हवी, आणि ती तुला लहानपणापासून माहीत आहे. पुण्यातल्या एखाद्या हुशार पोराला हे सुचलं नसतं, तुला सुचलं असतं. एआयला सांगितलं असतंस तर त्याने तेही लिहून दिलं असतं, आणि नीट लिहून दिलं असतं. काट्याजवळ उभं राहून विचारणारा माणूस तेवढा नव्हता.

आणखी एक बघ. जिनिंगच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, ठरलेल्या मुदतीने त्याची फेरतपासणी होते. काटा त्या दिवशीही बरोबरच होता. काटा आणि पावती यांच्या मधे तुझा प्रोग्राम बसला होता, आणि त्याची तपासणी कोणीच केली नव्हती. मालकाने तुझ्यावर सोडलं, तू एआयवर सोडलंस. मोठ्या बाबांच्या खात्यात अशी जागा रिकामी राहिली असती तर चौकशी लागली असती.

यात तू एकटा नाहीस, आणि हे आजचंही नाही. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं एक यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा बसली, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा किरण रोखणारी वेगळी यांत्रिक व्यवस्था होती. नव्या मॉडेलमध्ये ती काढून सगळी मदार प्रोग्रामवर टाकली, आणि प्रोग्रामचा काही भाग जुन्यातूनच उचलला. सराव झालेला ऑपरेटर चुकलेली नोंद पटापट दुरुस्त करायचा. पडद्यावर दुरुस्ती दिसायची, आत यंत्राची मांडणी मात्र जुन्या नोंदीप्रमाणेच राहून जायची. तुझ्या प्रोग्राममध्येही जुनी खेपच नव्या खेपेत शिरली. तिथे माणसं गेली, इथे पैसे गेले आणि परत मिळाले.

इंग्लंडच्या पोस्टातली गोष्ट तुझ्या काट्याच्या आणखी जवळची आहे. १९९९ पासून तिथल्या गावोगावच्या पोस्टांत होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली बसवली. ती काउंटरवरच्या माणसांच्या हिशोबात नसलेली तूट दाखवत राहिली. ९०० हून अधिक पोस्ट चालवणाऱ्यांवर चोरीचे, अफरातफरीचे गुन्हे सिद्ध झाले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी पदरचे पैसे भरले, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. कॉम्प्युटरचा आकडा बरोबर आणि माणूस खोटा, असं धरून सगळं चाललं. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतच दोष होते असं सांगितलं, आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तुझ्या त्या शेतकऱ्याने धर्मकाट्यावर गाडी मोजली नसती तर काय झालं असतं याचा विचार कर. प्रोग्रामची पावती छापील, त्याचं म्हणणं तोंडी.

एआयने यात एकच गोष्ट बदलली. लिहिणं स्वस्त झालं, तपासणं तेवढंच महाग राहिलं. पूर्वी कोड लिहायला चार दिवस लागायचे, त्या चार दिवसांत माणूस निदान चार वेळा त्यावर विचार करायचा. आता तो दहा मिनिटांत येतो आणि विचार करायची जागाच उरत नाही, ती मुद्दाम काढावी लागते. आणि आपलं काम झपाट्याने होतंय हे वाटणं फसवं असतं. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं करायला लावली, काही एआय घेऊन, काही न घेता. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. नंतर त्यांनाच विचारलं तर ते म्हणाले, आमचा २० टक्के वेळ वाचला. साधनं त्यानंतर सुधारली आहेत, आज मोजलं तर आकडा वेगळा येईल. पण एवढ्या जाणत्या माणसांनाही स्वतःच्या कामाचा अंदाज मोजल्याशिवाय आला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

परवान्याचा मुद्दाही कोणीतरी काढेल, म्हणून सांगून ठेवते. आपल्याकडे डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, आर्किटेक्टलाही १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. इंजिनिअरसाठी देशभर लागू असा कायदा नाही, सिव्हिलवाल्यांसाठीही नाही. अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या परवान्याची परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बंद केली. एवढ्या वर्षांत सगळे मिळून ८१ जण बसले होते. तेव्हा कागद कोणी देईल याची वाट पाहू नकोस.

मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. सॉफ्टवेअर हे पुरतं इंजिनिअरिंग होऊ शकतं. पण आज रोज जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं तसं नाही, एआय येण्याच्या आधीही नव्हतं. पूर्वी टायपिंगच्या मेहनतीखाली ते झाकलं जायचं, आता उघडं पडलं. काट्याचा प्रोग्राम दिलास त्या दिवशी तू इंजिनिअर नव्हतास. काट्याची गोष्ट डोक्यात बसली, तिथून सुरुवात झाली आहे. पुढचं तुझ्या हातात आहे.

कंपनीत एवढं तरी कर: ज्या बदलावर तुझं नाव जातं तो पूर्ण वाच. जी ओळ का आहे ते सांगता येत नाही ती पुढे पाठवू नकोस, मग साहेब कितीही घाई करो. एआयला नुसतं 'लिहून दे' म्हणू नकोस. हे कशाने मोडेल ते विचार, आणि त्याने सांगितलेलं खरं मोडून बघ. काम कमी निघेल. काही महिने बोलणी खावी लागतील. जमलं तर एखादा छोटासा भाग मागून घे, जो बंद पडला तर रात्री तुलाच फोन येईल. त्यातून जे शिकशील ते दुसरं कोणी शिकवणार नाही.

बहिणीबद्दल. तुझ्या पत्रात घरच्यांचं मत आहे, तुझी काळजी आहे, तिचं मत एका ओळीतही नाही. आधी तिला विचार. तिला गणित आवडत असेल आणि गोष्टी आतून कशा चालतात याची खोड असेल तर दोन्ही शाखांत तिचं भलं होईल. कॉम्प्युटर संपलं म्हणून सिव्हिल, हे भीतीने घेतलेलं पाऊल आहे. सिव्हिलमध्येही डिझाइन कधीचं सॉफ्टवेअरवर होतं आणि तिथेही एआय येणारच. कनिष्ठ अभियंत्याच्या एकेका जागेमागे किती पोरं असतात ते यवतमाळच्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. कॉम्प्युटर घेतलं तर पहिली दोन वर्षं तिने स्वतःच्या हाताने लिहावं, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय गाइडवर न काढता खरे शिकावेत. सिव्हिल घेतलं तर साइटवर जायला लाजू नये, आणि मुलगी म्हणून कोणी अडवलं तर ऐकू नये. सीईटीचे गुण आले की प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय तिने स्वतः भरावेत. तू फक्त शेजारी बस.

आता जिनिंगचं. तू लिहितोस विषय मिटला. मिटलेला नाही. एका शेतकऱ्याने मोजलं म्हणून एक पावती सापडली. जिथे नवी ट्रॉली जड होती तिथे मालकाचं नुकसान झालं असेल आणि कोणी बोललं नसेल. जिथे हलकी होती तिथे एखादी बाई किंवा म्हातारा माणूस गुपचूप पैसे मोजून घरी गेला असेल. आधी मालकाकडे जा आणि हे असंच्या असं सांग. मग प्रोग्राममधल्या सगळ्या पावत्या काढ आणि ज्यांत रिकामं वजन त्याच गाडीच्या मागच्या खेपेशी किलो न् किलो जुळतं त्या वेगळ्या कर. तंतोतंत तेच वजन दुसऱ्यांदा क्वचितच येतं, डिझेल कमीजास्त झालं तरी आकडा हलतो. त्या शेतकऱ्यांना फोन करून विचार, कोणती ट्रॉली होती. आपल्याकडे लोकांना हे आठवतं.

प्रोग्राम दुरुस्त करताना मागच्या खेपेचं वजन घेणारी ओळ काढ. रिकामं वजन नसेल तर पावती निघताच कामा नये, मग रांगेत कोणी ओरडो. नोंद पुसायची सोय काढून टाक. दुरुस्ती हवी तर जुनी नोंद तशीच राहील आणि नवी तिच्याखाली येईल, कोणी केली आणि किती वाजता केली त्यासकट. मग काट्यावर जाऊन प्रत्येक पायरीला वायर उपटून बघ: पहिल्या वजनानंतर, दुसऱ्याच्या आधी, पावती छापता छापता. दोन ट्रॉल्या अदलाबदल करून बघ. एकाच नंबरच्या दोन खेपा एकाच वेळी आत असल्या तर काय होतं ते बघ. हे सगळं झाल्यावर मोठ्या बाबांना काट्यावर ने आणि म्हण, तुम्ही तपासणीची मापं घ्या. कोड दाखवू नकोस. वजन चुकवायच्या किती वाटा असतात हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. त्यांनी काढलेली प्रत्येक खोट लिहून घे आणि मिटव.

ट्रॉल्यांची चौकशी मात्र याच आठवड्यात सुरू कर. जिनिंगचा हंगाम उतरणीला लागलाय, आणि एकदा कापूस संपला की पावत्या कोणी जपून ठेवत नाही.